बूड टेकण्यापुरती जागा

व्हर्नन टॉफ्टच्या होडीत एकोणीस वर्षं एकच खुर्ची होती, आणि ती त्याला कधी कमी पडली नव्हती.

स्टोकच्या ज्या कपबश्यांच्या कारखान्यात तो भट्टीवर होता, तो बंद पडला त्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून किटल्या नेल्या, बश्या नेल्या. व्हर्ननने पहारेकऱ्याच्या खोलीतली लाकडी खुर्ची खांद्यावर घेतली आणि चालू लागला. तिचा डावा हात लटलटत होता, बैठक मधोमध खचली होती, पण खचली होती ती नेमकी माणसाच्या आकाराने. पुढे बायको नाही, पोरं नाहीत म्हटल्यावर घर तरी कशाला, म्हणून त्याने होडी घेतली आणि खुर्ची शेगडीशेजारी ठेवली. होडीचं नाव डॅबचिक, म्हणजे आपली टिबुकली. लांबीला भरपूर, पण रुंदी इतकीच की मधे उभं राहून दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्हीकडच्या भिंतींना टेकावीत. स्टोन गावाच्या खाली कालवा जिथे वळण घेतो तिथे ती बांधलेली असायची. कोणी आलंच तर पायरीवर बसायचं, चहा प्यायचं आणि जायचं. बसून राहावं असं तिथे कोणालाच वाटत नसे, आणि व्हर्ननलाही ते बरंच वाटे.

मग गेनर आली.

आली म्हणजे काय, आधी बरीच वर्षं ती नुसती दिसत होती. गावातल्या ओटच्या घावनांच्या दुकानात ती तव्यापाशी उभी असायची. दर शनिवारी व्हर्नन जायचा आणि चीज घातलेली दोन घावनं मागायचा. ती म्हणायची, "आणि?" तो म्हणायचा, "बस, एवढंच." असं कितीतरी वर्षं चाललं. एका शनिवारी ती म्हणाली, "आणि?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि तू दुपारी मोकळी असशील तर कालव्यावर चक्कर मारू." स्वतःचं बोलणं ऐकून तो इतका दचकला की घावनं तिथेच विसरून घरी आला. गेनर विधवा होती, तिचा मुलगा कॅनडाला. त्रेसष्टाव्या वर्षी तिने व्हर्ननशी लग्न केलं, भाड्याचं घर सोडलं, आणि दोन पिशव्या आणि एक लोखंडी तवा घेऊन ती डॅबचिकवर राहायला आली.

पहिल्याच संध्याकाळी पंचाईत झाली. व्हर्ननने मटणाचा रस्सा केला होता. ताटं वाढली आणि तो म्हणाला, "बस ना." गेनर म्हणाली, "तू बस, तुझी खुर्ची आहे." तो म्हणाला, "छे, तू बस." ती म्हणाली, "अरे बस की." शेवटी दोघंही उभ्याने जेवले, ओट्याला टेकून, लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे. जेवण झाल्यावर गेनर पायरीवर जाऊन बसली. व्हर्नन खुर्चीत बसला खरा, पण ती खचलेली बैठक त्याला पहिल्यांदाच टोचली.

"तुला बसायला काहीतरी करायला हवं," तो म्हणाला.

"कर की."

"काय करू? कोच हवा? बाकडं हवं?"

"तुला बरं वाटेल ते."

आता व्हर्ननला बरं वाटेल ते तर होतंच तिथे. पण हे बोलायचं कसं? रात्रभर त्याने त्यावर विचार केला, आणि सकाळी उठला तो डोक्यात आणखी भुसा भरून.

कोळसेवाला एल्विन त्या आठवड्यात आला. एल्विन आपल्या लांबलचक होडीतून कालव्याकाठच्या लोकांना कोळसा, डिझेल, गॅस पोचवायचा, आणि न मागता सल्लाही.

"व्हर्न्या, लेका, सोपं आहे," तो कोळशाचं पोतं छपरावर आदळत म्हणाला. "दोन बाकं समोरासमोर, मधे टेबल. दिवसा टेबल, रात्री टेबल खाली सरकवलं की पलंग. पाहुणे आले की झोपव."

"आमच्याकडे पाहुणे कोण येणार?"

"आता बायको आहे, येतील. बायको आली की तिच्या मागून माणसं येतात, हा नियमच आहे."

पलीकडच्या होडीत प्रू राहायची. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, टापटिपीची बाई. तिने डोळे फिरवले. "छे हो व्हर्नन! त्या बाकांवर पाठ ताठ ठेवून बसायचं म्हणजे शाळेत बसल्यासारखं. तुम्ही या, माझ्याकडच्या खुर्च्यांत बसून बघा." प्रूच्या होडीत दोन चामडी रिक्लायनर होत्या. व्हर्नन एकीत बसला. प्रूने बाजूची कळ दाबली आणि त्याचे पाय वर गेले, डोकं मागे गेलं, आणि त्याला एकदम दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटलं. त्याने तोंडसुद्धा थोडं उघडलं.

"कसं वाटतंय?"

"छान," व्हर्नन छपराकडे बघत म्हणाला. आणि खरंच छान होतं की नव्हतं, हे त्याला कळेना.

गेनरला घेऊन तो हॅन्लीला फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेला. तिथे तर माणसाची मतीच गुंग व्हावी. मऊ, कडक, उंच पाठीचे, बिनपाठीचे, पोटात खण असलेले, अंग उघडून बिछाना होणारे. व्हर्नन प्रत्येकावर बसला. पहिल्यावर बरं वाटलं, दुसऱ्यावर जास्त बरं, सहाव्यानंतर त्याला बसणं म्हणजे काय असतं हेच आठवेना. आपण रोज कसे बसतो? पाय कुठे असतात? हातांचं काय करतो? गेनर प्रत्येक कोचाच्या अगदी कडेला टेकायची, हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि म्हणायची, "छान आहे."

"मघाच्यापेक्षा?"

"तोही छान होता."

तिथलं काहीच होडीच्या दारातून आत गेलं नसतं, हे बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

शेवटी एल्विनचं ऐकलं. एका मोडीत निघालेल्या होडीतली दोन बाकं आणि टेबल एल्विननेच मिळवून दिलं. व्हर्ननने ती डाव्या भिंतीला लागून बसवली, निळ्या कापडाच्या गाद्या घातल्या. गेनर म्हणाली, "छान आहे." जेवायला दोघं समोरासमोर बसले, गेनर भिंतीच्या बाजूला सरकून. बाकं पक्क्या लाकडाची, भलती जड. सगळी होडी डावीकडे कलली. रश्शाची वाटी टेबलावरून आपोआप गेनरकडे सरकू लागली.

"हे मला देतोयस?" ती म्हणाली.

"मी नाही, होडी देतेय."

दुसऱ्या दिवशी फरशी उचकटून, होडीचा तोल राखायला खाली रचलेल्या विटा उजवीकडे हलवण्यात त्याची कंबर मोडली. होडी सरळ झाली. संध्याकाळी तो हातपाय धुऊन आला तर गेनर पायरीवर बसलेली. मांडीवर बशी ठेवून घावन खात होती.

"इथे का बसलीस? बाक आहे ना."

"हो, आहे की. छान आहे." आणि ती उठून बाकावर जाऊन बसली, अंग चोरून, एखाद्या कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसावं तशी.

असं रोज होऊ लागलं. व्हर्ननची पाठ वळली की ती पायरीवर, नाहीतर कोळशाच्या पेटीवर, नाहीतर पलंगाच्या कडेवर. तो आला की बाकावर. व्हर्नन चक्रावला. एल्विनला विचारलं तर तो म्हणाला, "बायका 'छान आहे' म्हणतात ना, तेव्हा समज, काहीतरी बिनसलंय."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तरी बिनसलेलंच असतं. फक्त ते सांगून."

मग प्रूचं ऐकलं. बाकं काढून काठावर ठेवली, आणि प्रूच्या ओळखीने दोन वापरलेल्या रिक्लायनर आणल्या. त्या दारातून जाईनात. एल्विन पुढून ओढतोय, व्हर्नन मागून ढकलतोय, काठावर गळ टाकून बसलेले दोघे म्हातारे सूचना देताहेत. "तिरकी करा! अहो, पाय आधी!" शेवटी बाजूची एक खिडकी चौकटीसकट काढली आणि खुर्च्या तिथून आत घेतल्या. काठावरच्या बाकांवर ते गळवाले जाऊन बसले आणि त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती परत द्यायला नकार दिला. व्हर्नननेही पुन्हा मागितली नाहीत.

खुर्च्या आत आल्या. व्हर्ननने कळ दाबली, पाय वर आले आणि बूट शेगडीला लागले. रबराचा जळका वास सुटला. त्याने खुर्ची मागे घेतली, तर ती गेनरच्या खुर्चीला लागली. म्हणजे एकाने मागे रेलायचं तर दुसऱ्याने ताठ बसायचं. आणि दोन्ही रेलल्या तर स्वयंपाकाकडे जायला वाटच उरत नव्हती. गेनरला चहा करायचा असला की व्हर्ननला पाय खाली घ्यावे लागत. रात्री तिने त्याच्या पायांवरून ढांग टाकली आणि त्याच्या मांडीत बसली, धाडकन.

"बघ, इथे बरं आहे," ती हसून म्हणाली.

तोही हसला. पण दुसऱ्या दिवशी ती परत कोळशाच्या पेटीवर होती, आणि प्रूने विचारलं तेव्हा त्याने तिला म्हणताना ऐकलं, "खुर्च्या ना? छान आहेत हो."

व्हर्ननची आता झोप उडाली. एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. बूड टेकत नाही, म्हणजे मन रमत नाही. बाईला इथे राहायचंच नाही. लाजेने बोलत नाही एवढंच. पिशव्या दोनच आणल्या होत्या, त्याही अजून पलंगाखाली आहेत, एक तर पुरती उघडलेलीसुद्धा नाही. त्याने एकदा वाकून पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटून उठला. उठताना डोकं आपटलं.

नोव्हेंबरात एका दुपारी कालव्यावर धुकं उतरलं होतं, पलीकडचा काठसुद्धा दिसत नव्हता. गेनर पायरीवर बसून बटाटे सोलत होती. व्हर्नन तिच्यासमोर उभा राहिला. बसावं की उभं राहावं हे ठरेना, म्हणून अर्धवट वाकून राहिला.

"तुला जायचंय का?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"परत. घरी. म्हणजे ते घर आता नाही, पण... कुठेही."

गेनरने पुढचा बटाटा उचलला. "दुकानातून काही आणायचंय का?"

"तसं नाही गं! इथून जायचंय का, माझ्याकडून?"

बटाटा तिच्या हातातून निसटून पायरीवरून गडगडत खाली गेला आणि कालव्यात बुडाला. "व्हर्न, तुझं डोकं फिरलंय का?"

"मग तू बसत का नाहीस?" तो जवळजवळ ओरडलाच. "बाक केला, बसली नाहीस. खुर्च्या आणल्या, बसली नाहीस. माझ्या खुर्चीत बसत नाहीस. सगळं छान आहे म्हणतेस आणि कोळशाच्या पेटीवर बसतेस! कुठली बाई आपल्या घरात कोळशावर बसते?"

गेनरला आधी हसू आलं. मग ते हसू कुठेतरी अडकलं आणि तिने ओल्या हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"मला बसताच येत नाही रे," ती म्हणाली.

व्हर्ननला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"खरं सांगते. दुकानात दिवसभर उभी. घरी नवऱ्याची, कीथची खुर्ची टीव्हीसमोर, पोराची बीनबॅग, आणि मी कोचाच्या त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. कोणी चहा मागितला की पटकन उठता यावं म्हणून. सदतीस वर्षं मी टोकाला बसले, व्हर्न. कोच तीन माणसांचा, पण मी बसायचे वीतभर जागेत. कुठे बसायला आवडतं असं कधी कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आता तू रोज विचारतोस. मला उत्तरच सापडत नाही. तू इतका धडपडतोस, तर म्हणते छान आहे. दुसरं काय म्हणू?"

"मला वाटलं तुला खिडकी हवी. दुकानात तू खिडकीशी असायचीस ना."

"तिथे मी उभी असायचे! गुडघे दुखायचे माझे त्या खिडकीशी. परत खिडकीचं नाव काढू नकोस."

व्हर्ननने मनातला एक बेत मुकाट्याने रद्द केला. बाजूच्या खिडकीशी उंच स्टूल करायचं त्याने जवळपास ठरवलंच होतं.

"मग आपण काय करायचं?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? तूच सांग, तुला कसं बसायला आवडतं?"

"मला?" व्हर्ननने विचार केला. "मला तर खुर्ची आहे."

"ते ठीक. पण मी असताना?"

आणि व्हर्ननच्या लक्षात आलं की हे त्यालाही ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं तो शेगडीकडे तोंड करून बसला होता. कोणी बोलत असेल तर तोंड कुठे करायचं, हा प्रश्नच आला नव्हता. गेनर बोलायची तेव्हा तो मान वाकडी करून ऐकायचा आणि रात्री मानेला मलम लावायचा. मलम कशासाठी हे तिला त्याने सांगितलं नव्हतं. थंडीने मान धरते, असं म्हणाला होता.

धुक्यात तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. पायरीवर दोघं मावत नव्हते, म्हणून एकाचा अर्धा भाग अधांतरी.

"रिक्लायनर काढून टाकू," गेनर अचानक म्हणाली. "सगळंच काढू. रिकामं करू आणि बघू अंग कुठे जातं ते."

खिडकी पुन्हा काढली. प्रू दुखावली नाही. तिने एक खुर्ची स्वतःच्या बहिणीसाठी घेतली आणि दुसरी एल्विनने आपल्या होडीवर कोळशाच्या पोत्यांमधे ठेवली. तिच्यावर बसून तो राजासारखा गावोगाव हिंडू लागला. डॅबचिकमधे उरल्या दोन उशा, एक जाड फळी आणि दोन रिकामी लाकडी खोकी. व्हर्ननची जुनी खुर्ची त्याने होडीतल्या मागच्या बोळात सरकवली. तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

त्यानंतरचे दिवस मोठे चमत्कारिक गेले. दोघं म्हातारी माणसं फळी उचलून इकडून तिकडे नेताहेत, खोक्यांवर ठेवताहेत, बसून बघताहेत. शेगडीसमोर बसले तर गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. खिडकीखाली बसलं तर बाहेरचं फक्त आभाळ दिसायचं आणि चालणाऱ्यांचे पाय. आडवी फळी टाकून शेजारी शेजारी बसले तर दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे, बसमधल्या अनोळखी प्रवाशांसारखे. गेनर म्हणायची, "नाही." मग थोडं थांबून, "हेही नाही." 'नाही' म्हणायला तिला जड जायचं, प्रत्येक वेळी ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची.

ज्या रविवारी ते जमलं, त्या रविवारी ते काही शोधत नव्हते. गेनरच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, म्हणून व्हर्ननने फळी उजव्या भिंतीला लांबीने लावली आणि तिला म्हणाला, "पाय वर घेऊन पड जरा." ती पडली नाही, टोकाच्या लाकडी भिंतीला पाठ टेकून बसली आणि पाय फळीवर लांब सोडले. तिच्या पायांखाली उशी द्यायला तो दुसऱ्या टोकाला बसला, आणि दमला होता म्हणून त्यानेही पाठ टेकली आणि पाय वर घेतले. आता दोघं एकाच फळीवर, दोन टोकांना, समोरासमोर. तिचे पाय त्याच्या मांडीला लागून, त्याचे तिच्या. मान वाकडी करावी लागत नव्हती.



"तुझे पाय गार आहेत," व्हर्नन म्हणाला.

"तुझ्या मोज्याला भोक आहे."

असे ते चहाची वेळ टळून जाईपर्यंत बसून राहिले. चहा कोणी करायचा यावरून वाद झाला, आणि गंमत म्हणजे गेनर उठली नाही. उठला व्हर्नन. उठताना त्याला समजेना, हे जिंकलो की हरलो.

मग त्याने ते नीट बांधलं. दोघांची लांबी धरून लांब बैठक, दोन टोकांना तिरक्या पाठी, खाली सरपणाचे खण. मापात एकदा चूक झाली आणि एका टोकाची पाठ उंच झाली. ती व्हर्ननने स्वतःकडे घेतली, कारण कोणाचं टोक कुठलं हे तोवर आपोआप ठरून गेलं होतं. पलंगाखालच्या पिशवीचं त्याने शेवटी विचारलंच. "त्यात कीथच्या आईचे पडदे आहेत," गेनर म्हणाली. "फेकवत नाहीत आणि लावावेसेही वाटत नाहीत." मग ती पिशवी बैठकीखालच्या खणात गेली, सरपणाच्या मागे.

एल्विन बघायला आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. "हे नेमकं काय आहे रे? बाक की पलंग?"

"माहीत नाही," व्हर्नन म्हणाला.

"पाहुणे कुठे बसतील?"

"पायरीवर."

फोम बाजारातून आणून त्यावर हिरवं कापड ताणलं. संध्याकाळी गेनर आपल्या टोकाला बसली, अंग सैल सोडलं, इकडे तिकडे सरकली, कपाळाला आठ्या घातल्या. व्हर्नन समोर उभा. "छान आहे" ऐकायला त्याने मनाची तयारी केली होती.

"हा फोम भयंकर कडक आहे," गेनर म्हणाली. "धोंड्यावर बसल्यासारखं वाटतंय. कोणी निवडला हा?"

"मी."

"मग तुला निवडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः फोमवाल्याकडे गेली, आणि व्हर्नन तिच्या मागे, पर्स धरून. दुकानात तिने बूट काढले आणि एकेका तुकड्यावर पाय पसरून बसली, मागे रेलली, दोनदा कूससुद्धा बदलली. दुकानदार सांगू लागला की बाई, हा नमुना नुसता दाबून बघायचा असतो, तर ती म्हणाली, "मी हाताने बसत नाही, दादा." मग तो आतून आणखी तुकडे काढून आणू लागला. व्हर्नन दाराशी उभा होता. त्याला त्यातला एकही फोम दुसऱ्याहून वेगळा वाटत नव्हता. गेनरने त्याला हाक मारली, "व्हर्न, ये, समोर बैस. पाय इकडे टाक. असं कसं कळणार?"

त्याने बूट काढायला सुरुवात केली.